खाडीकाठाहून परतल्यावर मागचे चाक अडकते: खारपाण पट्ट्यातील ग्रेव्हल सायकलस्वारांसाठी कारणशोध आणि उपाय

दर हिवाळ्यात आमचा चार-पाच जणांचा गट ग्रेव्हल सायकलींवर (कच्च्या रस्त्यांसाठीच्या रुंद टायरच्या सायकलींवर) कोकणात जातो. रेवदंड्याहून निघून मुरूड, आगरदांडा, दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णै, दाभोळ आणि पुढे गुहागर असा आमचा सर्वसाधारण मार्ग असतो. त्यात कुंडलिकेपासून वाशिष्ठीपर्यंतच्या खाड्या लागतात आणि तीन ठिकाणी सायकल तरीवर (फेरीबोटीवर) चढवून पलीकडे न्यावी लागते. हे सहा दिवस सायकली उत्तम चालतात. घरी आल्यावर पहिला आठवडाही बरा जातो. त्यानंतर आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान, विदर्भातल्या दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या नेहमीच्या पांदण रस्त्यावर, उतारावर पाय थांबवून पुन्हा पेडल मारले की पेडल क्षणभर रिकामे फिरते आणि मग झटका देऊन पकड घेते. चेनच्या कड्यांवर तांबूस डाग दिसू लागतात, ब्रेक किंचाळतात आणि सीटचा दांडा खालीवर करायला गेलो तर तो जागचा हलत नाही. सलग तीन हिवाळे असेच घडले. पहिली दोन वर्षे आम्ही कारण चुकीच्या जागी शोधले आणि नव्या चेनवर व बेअरिंगवर पैसे घालवले, म्हणून हा कारणशोध सविस्तर लिहीत आहे.

पहिला संशय अर्थातच काळ्या मातीवर गेला. पूर्णा नदीच्या खोऱ्यातली माती किती चिकट आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. जानेवारीत एखादी अवकाळी सर आली तरी टायर आणि फ्रेममधली जागा दहा मिनिटांत थापून निघते. परंतु मातीचा त्रास आणि हा त्रास यांच्या लक्षणांत मोठा फरक आहे, आणि तो आम्ही आधीच नीट पाहिला असता तर दोन वर्षे वाचली असती. मातीचा त्रास जागच्या जागी आणि त्याच दिवशी होतो. चेन करकर वाजते, तेल आणि माती मिळून राखाडी लगदा तयार होतो, आणि सायकल धुऊन तेल दिले की तो त्रास संपतो. हा दुसरा त्रास मात्र उशिरा येतो, धुतल्यानंतरही परत येतो, आणि त्याचा रंग राखाडी नसून पोलादावर तांबूस व ॲल्युमिनियमवर पांढरा असतो. रात्री कोरडी पुसून ठेवलेली चेन सकाळी हाताला दमट लागते, ही आणखी एक ठळक खूण आहे. तुमच्या सायकलीत ही चिन्हे एकत्र दिसत असतील तर माती निर्दोष आहे असे समजून पुढे वाचावे.

तिसऱ्या वर्षी माझा फ्रीहब, म्हणजे पेडल थांबले तरी मागचे चाक मोकळे फिरू देणारा त्याच्या मधला भाग, पूर्ण अडकला, तेव्हा मी तो ओसरीवर जुने वर्तमानपत्र अंथरून उघडला. आत खिट्ट्या असतात, ज्यांना सायकल दुकानात कुत्ते म्हणतात. त्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर बाहेर येऊन दात्यांत अडकतात आणि त्यामुळेच पेडलची ताकद चाकाला मिळते. माझ्या फ्रीहबातल्या तीनपैकी दोन खिट्ट्या आपापल्या खाचेत चिकटून बसल्या होत्या. त्यांच्याभोवती हळदीत चुना कालवावा तशा रंगाचा ओलसर लेप होता आणि खाचेच्या कडेला मिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. पंपाच्या मोटारींचे वाइंडिंग करणारा आमच्या गावातला कारागीर सहज येऊन बसला होता. त्याने तो भाग हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाला, “भाऊ, हे मातीचं काम नाही. आमच्याकडं बोअरच्या मोटारी येतात ना, त्याईचे बुश असेच दिसतात.”

या एका वाक्याने आमच्या शोधाची दिशा बदलली. खाडीच्या खाऱ्या पाण्यावर संशय होताच, पण ते पाणी आम्ही घरी येऊन तीन-तीनदा धुऊन काढत होतो. प्रश्न हा होता की धुऊनही ते राहते कसे. उत्तर असे की आम्ही खारे पाणी खाऱ्याच पाण्याने धूत होतो.

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाण पट्ट्यात भूजल खारे आहे. जमिनीखाली क्षार साठलेले आहेत आणि पाण्याचा निचरा संथ आहे, त्यामुळे विहिरीचे आणि बोअरचे पाणी पिण्याला तर नाहीच, ओलितालाही अनेक ठिकाणी चालत नाही. म्हणून पिण्यासाठी आम्हाला शहानूर धरणाच्या नळाच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते. ते पाणी रोज येत नाही, त्यामुळे ते जपून वापरायचे आणि भांडी, कपडे, जनावरे, गाड्या यांसाठी बोअरचे पाणी वापरायचे ही आमच्या घराघरांतली रीत आहे. सायकलही त्याच हिशेबाने बोअरच्या पाण्याने धुतली जात होती. आमच्या गटातला एक जण परतवाड्याचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याला पाणी गोडे आहे. तो आमच्याबरोबर त्याच खाड्या ओलांडतो, त्याच कंपनीची चेन वापरतो, पण त्याच्या फ्रीहबाला तीन वर्षांत एकदाही काही झाले नाही. त्याचे नशीब चांगले, असे आम्ही म्हणत राहिलो. खरे तर तीच आमची सगळ्यांत मोठी खूण होती.

घरच्या घरी करता येईल अशी एक तपासणी सांगतो. तिच्यासाठी काही विकत आणावे लागत नाही. स्वच्छ पुसलेले स्टीलचे ताट उन्हात ठेवावे आणि त्यावर एकमेकांपासून दूर तीन जागी चमचा-चमचा पाणी घालावे: एका जागी नळाचे, दुसऱ्या जागी बोअरचे आणि तिसऱ्या जागी ज्या पाण्याने तुम्ही प्रत्यक्षात सायकल धुता ते. मी चौथी जागा केळशीहून बाटलीत भरून आणलेल्या खाडीच्या पाण्यासाठी ठेवली होती. दुपारपर्यंत चारही वाळले. खाडीच्या पाण्याचा खडबडीत पांढरा थर नखाने खरवडता येत होता. बोअरच्या पाण्याने कडेला जाड आणि मध्ये विरळ असे पांढरे वर्तुळ सोडले होते. नळाच्या पाण्याची जेमतेम एक पुसट रेघ उरली होती. बोटाने उचलून जिभेला लावले तेव्हा बोअरच्या वर्तुळाला स्पष्ट खारट चव होती. ज्यांना आकडा हवा असेल त्यांनी हातात धरण्याचा टीडीएस मीटर वापरावा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 ही कमाल मर्यादा आहे, तर समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. मीटर सगळ्याच क्षारांची बेरीज दाखवतो, त्यातले मीठ किती हे वेगळे सांगत नाही, त्यामुळे ताटाची तपासणी मला अधिक बोलकी वाटते.

क्षार नेमके करतात काय, हे समजले की उपायांचा क्रम आपोआप कळतो. साधे मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ओल धरू लागते. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते सुमारे 33 टक्के आर्द्रतेलाही हवेतले पाणी ओढून घेते. म्हणजे आमच्या कोरड्या हिवाळ्यातल्या पहाटेही चेनच्या पिनांमध्ये अडकलेला हा क्षार ओलाच राहतो. ओल आणि क्लोराइड मिळून पोलाद गंजवतात आणि ॲल्युमिनियमवरचे संरक्षक कवच फोडतात. जिथे पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात बसलेला असतो तिथे दोन धातूंमध्ये बारीक विद्युतप्रवाह सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची फुगलेली भुकटी सांधा गच्च करते. सीटचा दांडा अडकतो तो यामुळे. हे सगळे हळूहळू होत असल्याने दोष खाडीत न दिसता आठ-दहा दिवसांनी घरी दिसतो आणि संशय घरच्या रस्त्यावर जातो.

दुसरी चूक आम्ही सगळेच करत होतो आणि बहुतेक सायकलस्वार करतात असे माझे निरीक्षण आहे. चेन साफ करायची म्हणजे डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवायची, ब्रशने घासायची आणि वर तेल सोडायचे. डिझेल वंगण आणि मळ काढते, पण मीठ त्यात विरघळत नाही. त्याला पाणीच लागते. त्यामुळे डिझेलने स्वच्छ आणि चकचकीत झालेल्या चेनच्या आत क्षार तसाच राहतो आणि वरून दिलेले तेल त्याला आत कोंडून ठेवते. आधी गोडे पाणी, मग पूर्ण वाळवणे, मग हवे तर डिझेल आणि शेवटी तेल, हा क्रम उलटा करून चालत नाही.

प्रत्यक्ष खाडीकाठावर काय करावे

सायकलीला जेवढे कमी खारे पाणी लागेल तेवढे घरचे काम कमी, आणि ते ठरते भरती-ओहोटीवर. आमच्या पूर्णेला पूर येतो आणि ओसरतो, पण ती दिवसातून दोनदा वर चढत नाही. त्यामुळे पाण्याला घड्याळ असते ही गोष्ट विदर्भातल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली नसते. पहिल्या वर्षी आम्ही सकाळी ज्या खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधावरून कोरड्या चाकांनी गेलो, त्याच बांधावरून दुपारी परतताना पाणी चाकाच्या आसापर्यंत आले होते. फ्रीहबात खारे पाणी शिरले ते बहुधा त्याच अर्ध्या तासात.

केळशीच्या खाडीपाशी जाळे विणत बसलेल्या एका काकांना आम्ही पाणी कधी भरेल असे विचारले, तेव्हा त्यांनी मान वर न करता सांगितले, “आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला पूर्ण पाणी.” पंचांगातल्या तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास भरती पूर्ण होते. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटे लागतात आणि मधोमध ओहोटी असते. खाडीच्या आत, मुखापासून दूर, पाणी थोडे उशिरा पोचते. आमच्या घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका एवढी उपयोगी पडेल असे मला तोवर वाटले नव्हते. अर्थात हा हिशेब अंदाजाचा आहे. पुळणीवरून (समुद्रकाठच्या वाळूवरून) किंवा बांधावरून मोठा टप्पा गाठायचा असेल तर त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक पाहावे आणि गावातल्या माणसाला विचारावे.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ओहोटीनंतरच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढीचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन बारांश, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला प्रत्येकी तीन बारांश आणि मग पुन्हा दोन व एक, असे पाणी वाढते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी चढून जाते. ओहोटी संपून दोन तास झाले असतील आणि समोर अजून चार किलोमीटरची पुळण असेल, तर माझ्या मते ती सोडून वरचा रस्ता धरावा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हा फरक फार मोठा असतो. मुंबईजवळ उधाणाच्या भरतीची उंची साडेचार मीटरच्या पुढे जाते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढते आणि कमी उतरते. म्हणून आता आम्ही दौऱ्यातले खाडीकाठचे दिवस सप्तमी ते दशमीच्या मध्ये येतील असे पाहतो. त्या दिवसांत भरती सकाळी आणि संध्याकाळी येते, दुपारचे चार-पाच तास बांध मोकळे मिळतात, आणि पाणी बांधावर चढण्याची भीती कमी असते.

ओहोटीला ओली पुळण डांबरी रस्त्यासारखी घट्ट होते आणि ग्रेव्हल सायकलीच्या रुंद टायरला ती फार सुखाची वाटते, हे मी नाकारणार नाही. दिवेआगरची पुळण मला आजही मोहात पाडते. पण टायरने उडवलेले ते बारीक खारे तुषार थेट चेनवर आणि मागच्या चाकाच्या मधोमध जातात, आणि त्यात वाळूही असते. पुळणीवर जायचेच असेल तर लाटेच्या ओल्या रेषेपासून वर राहावे, मागे मडगार्ड लावावे आणि तो टप्पा दिवसाच्या शेवटी न ठेवता अशा जागी ठेवावा की त्यानंतर तासाभरात गोडे पाणी मिळेल. खारफुटीच्या कडेचा काळा चिखल दिसायला आपल्या रानातल्या चिखलासारखा असला तरी तो आपल्यासारखा वाळून गळून पडत नाही. त्यातला क्षार मागे राहतो. तो सायकलीला लागू देऊ नये, आणि खारफुटीच्या मुळांवरून चाके नेणे तर कोणत्याच कारणाने करू नये. त्या तुलनेत सड्यावरचे (कातळाच्या पठारावरचे) जांभ्याचे रस्ते सायकलीला फार सौम्य आहेत. लाल धूळ कपड्यांना लागते, पण ती फडक्याने निघते.

आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी आणि दाभोळ–धोपावे या तिन्ही तरींवर गाड्या चढतात त्या बाजूला पाणी उडते. सायकल शक्य तितकी मधे, मोठ्या गाडीच्या आडोशाला उभी करावी आणि चेनवर एक फडके टाकावे. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो, तिथे सायकलीवर बसून उतरू नये.

मुक्कामी पोचल्यावर, जेवणाच्या आधी, सायकलीला गोडे पाणी लागलेच पाहिजे. कोकणात गावोगाव विहिरी आहेत आणि घरमालकिणीला “वहिनी, विहिरीचे दोन बादल्या पाणी सायकलीला घेऊ का?” असे विचारले तर आम्हाला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. फक्त विहीर अगदी खाडीला लागून असेल तर पाणी गोडे आहे ना हे चाखून पाहावे. पाणी तांब्याने वरून हळू सोडावे. गाड्या धुण्याच्या केंद्रातला जोराचा फवारा मारू नये, कारण तो बेअरिंगच्या रबरी कडेतून खारे पाणी आत ढकलतो. बाहेरून चकाचक झालेली सायकल आतून त्याच दिवशी खराब होऊ लागते. पाणी सोडल्यावर सायकल दोनदा हलकेच आपटावी, चाके फिरवावीत, कोरड्या फडक्याने पुसावी आणि चेनच्या प्रत्येक कड्याला तेलाचा एक थेंब द्यावा. एवढ्याला वीस मिनिटे लागतात.

परतीच्या प्रवासासाठी आम्ही सायकली प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळत होतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. त्यामुळे ओल आत कोंडून राहत असे आणि एक रात्र व अर्धा दिवस क्षाराला मोकळे रान मिळत असे. आता जुन्या सुती साडीत किंवा गोणपाटात बांधतो.

घरी आल्यावर

इथे एकच गोष्ट मी आग्रहाने सांगतो: सायकलीवर शेवटी जे पाणी वाळते ते गोडे असले पाहिजे. सगळी धुलाई नळाच्या पाण्याने करा असे मी खारपाण पट्ट्यातल्या कोणालाही सांगू शकत नाही. ज्या घरात पिण्याचे पाणी मोजून भरले जाते तिथे ते अन्यायाचे होईल. माती आणि वाळू काढण्यासाठी बोअरचे पाणी चालेल. मात्र ते अंगावर असतानाच, वाळू न देता, दोन ते तीन लिटर नळाचे पाणी झाडांवर फवारायच्या हातपंपाने किंवा साध्या फवारणीच्या बाटलीने चेन, दातेरी चाके, डिरेलर (गिअर बदलणारा भाग), दोन्ही चाकांचे मध्य, ब्रेक आणि बोल्ट यांवर हळू मारून घ्यावे. दौऱ्याला निघण्यापूर्वीच एक कळशी नळाचे पाणी या कामासाठी झाकून ठेवावे, म्हणजे परतल्या दिवशी नळ आला नाही तरी अडत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेले पाणी साठवले असेल तर ते सर्वांत चांगले.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी गाड्या धुवायला वापरावे असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि पाणी वाचवण्याच्या दृष्टीने तो योग्यही आहे. परंतु शुद्ध पाणी वेगळे काढल्यावर उरलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. आमच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचे टाकाऊ पाणी बोअरच्या पाण्यापेक्षाही खारे असते. आमच्यातला सर्वांत काळजीवाहू मित्र दर आठवड्याला याच पाण्याने सायकल धूत होता आणि त्याचीच सायकल सर्वांत आधी गंजली. त्याने काळजी कमी घेतली असती तर सायकल अधिक टिकली असती, हे त्याला सांगताना मला वाईट वाटले.

चेनसाठी थोडा अधिक वेळ द्यावा. जोडकडी उघडून चेन काढावी, स्टीलच्या पातेल्यात गरम नळाच्या पाण्यात ठेवून हलवावी, पाणी बदलून पुन्हा एकदा तसेच करावे. गरम पाण्यातून काढलेली चेन लवकर वाळते, हा मुख्य फायदा. ती उन्हात दोरीवर टांगून पूर्ण वाळल्यावरच डिझेल किंवा तेल यांचा विचार करावा. याच वेळी तिची झीज मोजून घ्यावी. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक अशा बारा, बरोबर बारा इंच भरतात. पोलादी पट्टीवर त्या बारा इंच आणि एक सोळांश भरल्या तर झीज अर्धा टक्का झाली. अकरा किंवा बारा गिअरच्या सायकलीत ती चेन तेव्हाच बदलावी, नाहीतर ती दातेरी चाकेही खाते. गंजलेल्या कडीला प्लायरने वाकवून मोकळे करण्यापेक्षा चेन बदललेली बरी.

फ्रीहबच्या बाबतीत दोष कोणत्या पायरीवर आहे हे ओळखावे. सायकल उलटी करून मागचे चाक पुढे फिरवावे आणि सोडून द्यावे. टिक-टिक आवाज सारखा आणि मोकळा येत असेल तर सर्व ठीक आहे. आवाज मंदावला, मधे-मधे बुडाला, किंवा चाक फिरताना चेनही पुढे ओढली जाऊन सैल पडू लागली, तर खिट्ट्या चिकटू लागल्या आहेत. या पायरीवर फ्रीहब काढून नळाच्या गरम पाण्याने, मग डिझेलने धुऊन, वाळवून, शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात दिला तर तो पूर्ववत होतो. खिट्ट्यांना जाड ग्रीस भरू नये. जाड ग्रीसमध्ये स्प्रिंग त्यांना वेळेवर बाहेर ढकलू शकत नाही आणि ज्या दोषासाठी आपण तो उघडला तोच दोष नव्याने तयार होतो. पेडल मारताना पकड सुटण्यापर्यंत मजल गेली असेल तर त्या सायकलीवर उभे राहून चढ चढू नये, कारण अचानक रिकामे फिरलेले पेडल माणसाला हँडलवर आपटते. खिट्टीच्या टोकाला किंवा दात्याला खड्डे पडलेले दिसले तर साफसफाईने भागत नाही, फ्रीहबच बदलावा लागतो. बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे आणि अडखळत असेल तर नवे बसवावे. त्याच्या कडेवर आकाराचा क्रमांक कोरलेला असतो, तो दाखवला की तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानातही जोड मिळतो.

ब्रेकच्या चकत्या नळाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, स्वच्छ फडक्याने पुसाव्यात आणि तेलाचा हात त्यांना लागू देऊ नये. पॅड काढून बारीक पॉलिश पेपरवर हलके घासले की किंचाळणे बहुतेक वेळा थांबते.

सीटचा दांडा आणि बोल्ट यांचा उपाय दौऱ्याच्या आधीचा आहे, नंतरचा नाही. निघण्यापूर्वी दांडा बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून पुन्हा बसवावा. दांडा किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी कार्बनसाठीची पेस्ट वापरावी. पेडलचे आटे, बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट आणि हँडलचे बोल्ट यांनाही ग्रीसचा हात फिरवावा. ब्रेकच्या चकतीच्या बोल्टांना मात्र हे करू नये.

कोकणात कधीही न गेलेल्या, पण पूर्णाकाठी रोज सायकल चालवणाऱ्या मुलांनाही हाच दोष सौम्य रूपात येतो, असे आता माझ्या लक्षात आले आहे. लासूरच्या आनंदेश्वर मंदिराकडे किंवा ऋणमोचनकडे जाणाऱ्या वाटांवर भेटणाऱ्या शाळकरी मुलांच्या साध्या सायकलींची फ्रीव्हील पावसाळ्यानंतर लवकर अडकतात, ती बदलली जातात आणि कारण कोणी विचारत नाही. त्यांनाही शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे पुरेसे आहेत.

या हिवाळ्यात आम्ही वर लिहिल्याप्रमाणे सर्व केले. परतल्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि बाराव्या दिवशी सायकल उलटी करून टिक-टिक ऐकली, चेनवरून पांढरे फडके फिरवले आणि सीटचा दांडा एक सेंटिमीटर वर करून पुन्हा खाली बसवला. तिन्ही वेळा फडक्यावर फक्त तेलाचा काळा डाग आला. ज्यांनी आजच दौरा संपवला आहे त्यांनी याच तीन दिवसांवर खूण करून ठेवावी, आणि बाराव्या दिवशी फडक्यावर तांबूस रंग दिसला तर डिझेलचा डबा बाजूला ठेवून आधी गरम पाण्याचे पातेले चुलीवर चढवावे.